नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरचा नवा टूबीएचके, तीन स्टार
बिल्डरचं नाव नको. पझेशन मिळालं म्हणून आम्ही खूश आणि पहिल्याच पावसात बेडरूमच्या खिडकीखालून पाणी झिरपून पुट्टी पापडासारखी फुगली ना राव! साइटवरचा माणूस म्हणे, 'नवीन बांधकाम आहे, सुकेल.' चार महिने सुकतच होतं. मग कळलं की रेराप्रमाणे (घर घेणाऱ्यांसाठीचा कायदा) पझेशनपासून 5 वर्षं बांधकामातले असे दोष बिल्डरने 30 दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचे असतात, म्हणून फोन करणं सोडून सरळ लेखी पत्र दिलं तेव्हा कुठे वॉटरप्रूफिंगवाला उगवला. बाकी पार्किंग ऐसपैस, लिफ्ट बरी, गॅलरीतून पांडवलेणीचा डोंगर दिसतो (एक स्टार त्याचाच). ब्रोशरमधल्या क्लबहाऊसमध्ये सध्या सिमेंटच्या गोण्या राहतात.