‘प्युअर कॉपर’ म्हणून गळ्यात मारलेली केबल

टाकी भरताच बोअरची मोटर आपोआप बंद व्हावी, एवढ्यासाठी खानापूर तालुक्यातील आमच्या घराच्या गच्चीवर पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर आणि ईएसपी-३२ हा वाय-फाय असलेला छोटा नियंत्रक बोर्ड बसवायचे मी ठरवले. बेळगावच्या एका जोडणीवाल्याने हे काम अंगावर घेतले. "काका, आपल्याच माणसाला फसवतो काय?" असे तो इतक्या आपुलकीने म्हणाला की पक्के बिल मागणे मलाच अवघड वाटले.

खालच्या खोलीतील ५ व्होल्टच्या अडॅप्टरपासून टाकीपर्यंत त्याने ३० मीटर नेटवर्क केबल ओढली आणि बोर्ड जोडण्याआधी वरच्या टोकाला मीटर लावून पूर्ण ५ व्होल्ट दाखवले. तो आकडा पाहून मी पैसे दिले. विद्युतप्रवाह वाहत नसताना तारेत व्होल्टेज पडतच नाही, हे त्याला ठाऊक असणारच. माझ्या मात्र ते त्या वेळी ध्यानात आले नाही.

पुढे बोर्ड दर काही मिनिटांनी बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागला, टाकी दोनदा वाहून गेली आणि त्याने वाय-फायला दोष देऊन सिग्नल वाढवणारे आणखी एक यंत्र माझ्या माथी मारले. शेवटी मी उरलेल्या केबलची तार ब्लेडने खरवडली, तर तांबूस मुलाम्याखाली पांढरे ॲल्युमिनियम चमकले. वाय-फायवरून संदेश पाठवताना या बोर्डाला क्षणभर ०.३ अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह लागतो. जाण्यायेण्याची ६० मीटर तार धरली, तर अशा मुलाम्याच्या एका जोडीत जवळपास ८ ओहम रोध होतो आणि तेवढ्या प्रवाहाला सुमारे अडीच व्होल्ट वाटेतच जातात. साधा मीटर हा क्षणिक उतार पकडत नाही, त्यामुळे तपासणी करूनही दोष सापडत नव्हता.

खरे तांबे असते तरी दीड व्होल्ट गेलेच असते, म्हणजे नुसती केबल नव्हे, आखणीही चुकीची होती. शिवाय ती केबल त्याने मोटरच्या २३० व्होल्टच्या वायरींसोबत एकाच पाइपमधून नेली होती, आणि त्याची भीती मला पैशांपेक्षा अधिक वाटली. आता वेगळ्या पाइपमधून तांब्याच्या केबलने १२ व्होल्ट वर नेऊन बोर्डाजवळच बक कन्व्हर्टरने, म्हणजे व्होल्टेज उतरवणाऱ्या छोट्या सर्किटने, ५ व्होल्ट केले आहेत. त्यामुळे तारेतून जेमतेम ०.१५ अँपिअर वाहतो आणि बोर्ड एकदाही बंद पडलेला नाही.

त्याला फोन केला, तर पहिल्यांदा "उद्या येतो" असे उत्तर मिळाले आणि नंतर उत्तरच मिळेनासे झाले. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते, परंतु पुरावा म्हणून माझ्याकडे आहे ती पेन्सिलीने लिहिलेली एक चिठ्ठी, जिच्यावर दुकानाचे नावही नाही आणि जीएसटी क्रमांकही नाही.