चाके की साखळीपट्टे : चिलखती वाहनाची निवड करताना

पायदळाच्या तुकडीला गोळ्यांच्या माऱ्यातून पुढे नेणारे वाहन निवडायचे असले, की तोफ कोणती आणि चिलखत किती जाड यांच्याही आधी एका प्रश्नाचा निकाल लावावा लागतो. ते वाहन चाकांवर चालणार की साखळीपट्ट्यांवर? धडाची उंची, गिअरबॉक्सची रचना, सुट्या भागांचा साठा, कारागिरांचे प्रशिक्षण, पूल आणि रेल्वे यांवरील अवलंबन या सगळ्या गोष्टी त्या उत्तरातून ठरतात आणि एकदा ताफा उभा राहिला की पुढची काही दशके ते उत्तर बदलता येत नाही. भारतीय भूदलापुढे हा प्रश्न आज प्रत्यक्ष उभा आहे. यांत्रिक पायदळाचा मुख्य आधार असलेले, मेडकच्या कारखान्यात बांधलेले, मूळ सोव्हिएत रचनेचे साखळीपट्ट्यांचे वाहन बीएमपी-२ ‘सरथ’ आता जुने होत चालले आहे. दुसरीकडे अहिल्यानगर येथील वाहन संशोधन व विकास संस्था आणि टाटा समूह यांनी मिळून विकसित केलेले आठ चाकांचे ‘व्हॅप’ उपलब्ध आहे. निमलष्करी आणि पोलीस दलांनाही लहान प्रमाणावर हीच निवड करावी लागते.

माझे मत आधीच स्पष्ट करतो. रणगाड्यांच्या बरोबरीने शेतांतून, बांधांवरून आणि कालव्यांतून लढत जायचे असेल, तर साखळीपट्ट्यांना आजही पर्याय नाही. ज्या वाहनाच्या आयुष्याचा मोठा भाग रस्त्यावर जाणार आहे, त्याला पट्टे देणे मात्र पैशाचा आणि माणसांच्या श्रमांचा अपव्यय आहे. ही दोन्ही कामे एकाच वाहनाकडून करून घेण्याचा मोह टाळावा, हे माझे सर्वांत आग्रहाचे सांगणे आहे.

या दोन प्रकारांची शक्तिस्थळे आपल्याच इतिहासात एका रेजिमेंटने अवघ्या एका वर्षाच्या अंतराने दाखवून दिली आहेत. १९४७ च्या शरद ऋतूत टोळीवाले श्रीनगरच्या वेशीवर येऊन ठेपले, तेव्हा ७ लाइट कॅव्हलरीच्या डेमलर चिलखती मोटारी अंबाल्याहून स्वतःच्या चाकांवर बनिहाल ओलांडून खोऱ्यात उतरल्या आणि ७ नोव्हेंबरला शालटेंगच्या लढाईत त्यांनी शत्रूच्या पिछाडीवरून हल्ला चढवला. तेथे निर्णायक ठरला तो वेग आणि वाटेत कोणत्याही वाहक गाडीची गरज न पडता लांबचा पल्ला गाठण्याची क्षमता. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९४८ रोजी, याच रेजिमेंटचे स्टुअर्ट रणगाडे ३,५०० मीटरपेक्षा उंच असलेल्या झोजिला खिंडीत बर्फातून चढले आणि अनेक महिने अडलेली लेहची वाट मोकळी झाली. मात्र ते तेथवर आणण्यासाठी त्यांचे टरेट (तोफ बसवलेले फिरते बुरूज) काढावे लागले, त्यांची वाहतूक गुप्तपणे करावी लागली आणि खिंडीच्या पायथ्याच्या बालटालपासून वरची खेचरांची पायवाट अभियंत्यांना रुंद करावी लागली. पट्ट्यांनी शेवटचे काही किलोमीटर जिंकून दिले, पण त्याआधीच्या प्रवासाची किंमत इतरांनी मोजली. आजची कोणतीही तुलना मुळात याच दोन अनुभवांभोवती फिरते.

यामागचे यंत्रशास्त्र पाहू. साखळीपट्टा वाहनाचे वजन लांब आणि रुंद पृष्ठभागावर पसरवतो, त्यामुळे जमिनीवर पडणारा दाब कमी राहतो. सुमारे १४ टनांच्या बीएमपी-२ चा दाब दर चौरस सेंटिमीटरला ०.६ किलोग्रॅमच्या आसपास आहे. आठ चाकांच्या वाहनाचा दाब साधारणतः याच्या दुपटीहून अधिक भरतो. चालकाला बसल्या जागेवरून टायरमधील हवा कमी-जास्त करता येईल अशी व्यवस्था आता बहुतेक चाकी चिलखती वाहनांत असते आणि वाळूत तिचा फार उपयोग होतो, परंतु तिने हे अंतर कमी होते, मिटत नाही. याच्या उलट, कठीण रस्त्यावर पट्ट्याचा प्रत्येक दुवा उचलणे, फिरवणे आणि पुन्हा खाली ठेवणे यात शक्ती खर्च होते. वळण्यासाठी एका बाजूचा पट्टा मंद करून वाहन अक्षरशः घसरवावे लागते, त्यातही शक्ती जाते आणि पट्ट्याच्या पिना, रबरी गाद्या व स्प्रॉकेटचे (पट्टा ओढणाऱ्या दातेरी चाकाचे) दात झिजतात. म्हणूनच पट्ट्यांची वाहने लांबच्या प्रवासाला रेल्वेने किंवा ट्रेलरवरून नेली जातात. हे ट्रेलर, त्यांचे चालक, रेल्वेचे वेळापत्रक आणि चढ-उतरणीच्या जागा हे सर्व त्या वाहनाच्या खऱ्या किमतीत धरले पाहिजे. प्रत्यक्षात निविदेतील दरांची तुलना करताना ते बहुधा वगळले जाते.

जागेचा मुद्दा त्याहून कमी चर्चिला जातो. चाकांना वळण्यासाठी आणि वर-खाली होण्यासाठी मोकळी जागा लागते, त्यांच्यापर्यंत शक्ती नेणारे दांडे तळाखालून जातात आणि त्यामुळे धड अरुंद व उंच होते. पट्ट्यांच्या वाहनाला हे बंधन नसल्याने ते बुटके ठेवता येते. बीएमपी-२ ची उंची अडीच मीटरच्या आत आहे आणि पंजाबच्या सपाट शेतांत उभ्या पिकाच्या आडोशाने पुढे सरकताना या बुटकेपणाचे मोल कळते. परंतु त्याची किंमत आत बसलेले सात जवान मोजतात. त्यांपैकी सहा मधल्या इंधनटाकीला टेकून पाठीला पाठ लावून बसतात, मागच्या दारांतही डिझेलच्या टाक्या आहेत आणि तळ सपाट आहे. अफगाणिस्तानात सोव्हिएत सैनिक भूसुरुंगाच्या धास्तीने बीएमपीच्या आत बसण्याऐवजी छतावर बसून प्रवास करत, कारण खालून स्फोट झाला तर आतल्यापेक्षा बाहेर वाचण्याची शक्यता त्यांना अधिक वाटे.

भूसुरुंगाच्या या प्रश्नावर अधिक थांबायला हवे, कारण महाराष्ट्राला त्याची झळ थेट पोहोचलेली आहे. १ मे २०१९ रोजी गडचिरोलीच्या कुरखेडा तालुक्यात शीघ्र प्रतिसाद पथकाचे १५ पोलीस आणि त्यांचा वाहनचालक सुरुंगस्फोटात मृत्युमुखी पडले. त्यांचे वाहन साधे होते, त्याला चिलखत नव्हते. अशा भागासाठी इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा तळ असलेले चाकी वाहन हा उघड पर्याय आहे. दक्षिण आफ्रिकेच्या कॅस्पिर या वाहनाने नावारूपाला आणलेल्या या रचनेत तळ जमिनीपासून उंच असतो आणि स्फोटाचा झोत दोन्ही बाजूंना वळवला जातो. चाक आणि आस तुटून दूर फेकले जातात, पण माणसे बसलेली पेटी शाबूत राहण्याची शक्यता बरीच वाढते. आठ चाकांपैकी एखादे गमावूनही वाहन पुष्कळदा धोक्याच्या जागेतून बाहेर पडू शकते, तर पट्टा तुटला की वाहन जागीच खिळते आणि तो जोडण्यासाठी माणसांना गोळीबारात बाहेर यावे लागते. या एका निकषावर चाके निर्विवाद सरस आहेत.

तरीही येथे एक गंभीर इशारा द्यावासा वाटतो. सुरुंगरोधी वाहन विशिष्ट वजनाच्या स्फोटकांपर्यंतच संरक्षण देते. नाटोच्या स्टॅनॅग ४५६९ या मानकातील चौथी पातळी तळाखालच्या १० किलो स्फोटकांचा विचार करते, पण रस्त्याखाली मोरीत दडवलेली स्फोटके याच्या कित्येक पट असू शकतात. सप्टेंबर २००५ मध्ये छत्तीसगडच्या बिजापूर भागात सुरुंगरोधी वाहनच उडवले गेले आणि त्यात २४ जवान मारले गेले. उंच, जड चाकी वाहन डांबरी किंवा कच्च्या रस्त्याला बांधलेले राहते आणि जंगलात रस्ता एकच असला की शत्रूला वाट पाहण्याची जागा आपोआप कळते. त्यामुळे गडचिरोलीसारख्या जिल्ह्यासाठी वाहन घेताना रस्ता तपासणाऱ्या पथकांचा, पायी गस्तीचा आणि बदलत्या मार्गांचा विचार त्याच प्रस्तावात असला पाहिजे. केवळ वाहनावर विसंबणे घातक ठरते.

आता सरथ आणि व्हॅप यांना थेट शेजारी ठेवू. सरथचे इंजिन ३०० अश्वशक्तीचे, व्हॅपचे सुमारे ६०० अश्वशक्तीचे; व्हॅपचे वजन मात्र २४ टनांच्या आसपास, म्हणजे बरेच अधिक आहे. दोन्ही पाण्यात तरंगून पुढे जाऊ शकतात. सरथवर ३० मिलिमीटरची स्वयंचलित तोफ आणि रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र आहे. व्हॅपवर गरजेनुसार वेगवेगळे टरेट बसवता येतात. सरथच्या बाजूचे चिलखत मुख्यतः रायफलीच्या गोळ्या आणि तोफगोळ्यांचे तुकडे अडवण्यापुरते आहे, तर व्हॅपची रचना सुरुंग आणि जड मशीनगन डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. आतल्या माणसांच्या सुरक्षिततेत आणि प्रवासातील सुसह्यतेत व्हॅप पुढे आहे, कारण पट्ट्यांच्या कंपनांनी आणि आवाजाने काही तासांत थकलेले जवान उतरल्या क्षणी चपळाईने लढतील ही अपेक्षा अवाजवी ठरते. नांगरलेल्या ओल्या शेतातून रणगाड्याच्या मागोमाग जाण्यात, खंदक ओलांडण्यात आणि जागच्या जागी वळण्यात सरथ पुढे आहे. व्हॅपवर दोन-चार टन जादा चिलखत चढवले तर हा फरक आणखी वाढेल. इराकमध्ये अमेरिकेने आपल्या आठ चाकांच्या स्ट्रायकरभोवती रॉकेटपासून बचावासाठी लोखंडी जाळी बसवली, तेव्हा वाहनाचे वजन दोन टनांहून अधिक वाढले, टायरवरचा ताण वाढला आणि ओल्या जमिनीवरची चाल खालावली. स्वस्त व हलके म्हणून चाकी वाहन निवडायचे आणि मग रणगाड्याचे काम अंगावर टाकून त्याला जड करत न्यायचे, ही चूक जगभर पुन्हा पुन्हा झाली आहे.

पट्टे आहेत म्हणून चिखलाची काळजी नको, असेही कोणी समजू नये. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबमधील असल उत्तरच्या परिसरात पाणी सोडून दलदल केलेल्या शेतांत पाकिस्तानचे पॅटन रणगाडे रुतले आणि उसाच्या आडोशाने थांबलेल्या आपल्या सेंच्युरियन रणगाड्यांना व जीपवरील तोफांना त्यांची शिकार करता आली. पॅटनचे वजन चाळीस टनांच्या पुढे होते. १९७१ मध्ये पूर्व आघाडीवर गरीबपूरच्या लढाईत उपयोगी पडले ते मात्र सुमारे १४ टनांचे, तरंगू शकणारे पीटी-७६ रणगाडे. दोन्ही पट्ट्यांचेच. वजनाचा आकडा पट्ट्यांइतकाच, किंबहुना काही ठिकाणी अधिक बोलतो.

उत्पादन आणि देखभालीच्या बाबतीत चाकांचा पक्ष मजबूत आहे. डिझेल इंजिने, आस, गिअरबॉक्स, ब्रेक आणि टायर यांचे मोठे साम्य अवजड ट्रकशी असते आणि ते बनवणारे व दुरुस्त करणारे हात देशात मुबलक आहेत. पुण्याच्या भारत फोर्जचे ‘कल्याणी एम-४’ हे चाकी चिलखती वाहन याच पायावर उभे राहिले असून एप्रिल २०२२ मध्ये पुण्यातील बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या केंद्रात लष्करप्रमुखांच्या उपस्थितीत ते व टाटांची चाकी वाहने भूदलात दाखल झाली. व्हॅपला परदेशातही ग्राहक मिळाला. मोरोक्कोत त्याच्या निर्मितीचा कारखाना २०२५ मध्ये सुरू झाला. वाळवंट आणि लांब पल्ले असलेल्या देशाने चाके निवडावीत यात आश्चर्य नाही. माली देशात २०१३ च्या मोहिमेत फ्रेंच सैन्यानेही शेकडो किलोमीटर चाकी वाहनांनीच पार केले.

लडाखचे उत्तर मात्र सोपे नाही. तेथील पठारी, खडीचे विस्तीर्ण भाग चाकांना मानवतात आणि विरळ हवेत इंजिनाची शक्ती घटत असताना पट्ट्यांमध्ये वाया जाणारी शक्ती अधिक जाणवते. पण नाल्यांची काठे, मऊ बर्फ आणि उभे चढ आले की पट्टेच लागतात, म्हणूनच २५ टनांचा ‘झोरावर’ हा हलका रणगाडा पट्ट्यांवरच बांधला गेला. गस्त, रसद आणि शीघ्र प्रतिसाद यांसाठी चाके, तर उंचीवरील प्रत्यक्ष चढाईसाठी हलकी पट्टेदार वाहने, अशी विभागणी मला तेथे योग्य वाटते.

निर्णय घेणाऱ्या समितीने चाचणीचा आग्रह धरताना काही अटी लेखी घालाव्यात. वाहन पूर्ण दारूगोळा, पूर्ण इंधन, पूर्ण तुकडी आणि भविष्यात चढवायच्या जादा चिलखताएवढे वजन भरून चालवले जावे, कारण रिकाम्या वाहनाची चाचणी काहीच सिद्ध करत नाही. एक फेरी पावसाळ्यानंतरच्या काळ्या जमिनीत घ्यावी, जेथे माती टायरच्या खाचांत भरते आणि पट्ट्यांच्या चाकांमध्येही अडकते; अशी जमीन दख्खनमध्ये शोधावी लागत नाही. दुसरी फेरी सलग काही शे किलोमीटर रस्त्यावर घ्यावी, वाटेत एक टायर फोडून आणि एक पट्टा मुद्दाम सोडवून, तो दुरुस्त करून पुन्हा चालू लागायला त्याच तुकडीला किती वेळ लागतो हे मोजावे. प्रवास संपताच जवानांना उतरवून नेमबाजी करायला लावावी आणि त्या गुणांची नोंद वेग व इंधनाच्या आकड्यांच्या शेजारी, त्याच तक्त्यात करावी.