डॉक्टर हूची जुनी चित्रकथा: पानिनी घ्यावी की आयडीडब्ल्यू?

'द आयर्न लीजन' ही 'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानकथा टीव्ही मालिकेवरची चित्रकथा. १९७९ च्या 'डॉक्टर हू वीकली' या साप्ताहिकात आली ती काळ्या-पांढऱ्यात. पॅट मिल्स आणि जॉन वॅगनर यांचं लेखन, डेव्ह गिबन्सची चित्रं. तिचं पानिनी आणि आयडीडब्ल्यू या दोन प्रकाशकांपैकी कोणाचं पुनर्मुद्रण घ्यावं, हा प्रश्न खरं तर रंगाचा आहे.

पानिनीच्या २००४ च्या खंडात चित्रं मूळ काळ्या-पांढऱ्यातच आहेत आणि पानं साप्ताहिकाएवढी मोठी. गिबन्सची बारीक रेघ, रोमन चिलखतातले यंत्रसैनिक, भरगच्च पार्श्वभूमी, सगळं स्वच्छ दिसतं. आयडीडब्ल्यूच्या 'क्लासिक्स'मध्ये नव्याने रंग भरलेत आणि पान अमेरिकन कॉमिकच्या मापाचं. त्यामुळे संवादाच्या फुग्यांतली अक्षरं लहान होतात. शिवाय शाईनेच पुरी झालेली सावली रंगाखाली जड वाटते. फार वाईट वाटतं ते!

'द स्टार बीस्ट' ही दुसरी कथाही पानिनीच्या याच खंडात आहे. पानिनीचाच 'ड्रॅगन्स क्लॉ' हा खंड जोडला की चौथ्या डॉक्टरची (नायक डॉक्टर वेळोवेळी नवं रूप घेतो, त्यातलं हे चौथं) मुख्य मालिका दोन खंडांत पुरी.

जुनी प्रत घेताना मधलं पान उघडून पाहा. कण्याचा गोंद सुटला असेल तर पानं निखळतात.

चित्रकलेसाठी किंवा संग्रहासाठी पानिनीच. रंगीत कॉमिकची सवय असलेल्या मुलांना आयडीडब्ल्यू द्या.