मूल्यांची कार्डं: मागच्या बाजूसाठी घ्या

पोरांसाठी म्हणून हा सेट मागवला. प्रत्येक कार्डावर पुढे एक गुण आणि उपदेशाच्या चार ओळी, मागे तो शब्द मराठीत आणि इंग्रजीत कुठून आला ते. पुढची बाजू आमच्याकडे कोणी वाचत नाही, सगळं 'नेहमी खरे बोलावे' टाइप. पण मागची बाजू वाचताना मीच अडकलो.

पहिलंच कार्ड बघा. चारित्र्य आलं चर् धातूवरून, म्हणजे चालणं, वागणं, आणि कॅरेक्टर मूळ ग्रीक, त्याचा अर्थ ठसा किंवा ठसा उमटवायचं हत्यार. लेकीने लगेच विचारलं, मग माणूस बदलतो की एकदा छाप पडली की पडली? अर्धा तास वाद झाला, जेवण गार. इंटेग्रिटी आणि गणितातला इंटिजर एकाच लॅटिन शब्दातले, अर्थ अखंड, हे पूर्णांक शिकवताना कामाला आलं. पेशन्स आणि दवाखान्यातला पेशंट दोन्ही सोसण्यावरून आलेत. आणि कृतज्ञ म्हणजे कोणी आपल्यासाठी काय केलं ते जाणणारा, नुसता थँक्यू म्हणणारा नाही, हे तर मला खूपच आवडलं.

आता खटकलेलं. सिन्सिअरच्या कार्डावर लिहिलंय की रोममधले शिल्पकार दगडाच्या भेगा मेणाने बुजवायचे आणि ज्यात मेण नाही ते सिन्सिअर. अहो ही मागाहून रचलेली कथा आहे, लॅटिन सिन्सेरसचा अर्थ सरळ स्वच्छ, निर्भेळ असा आहे. प्रामाणिकपणाच्याच कार्डावर थाप, आता काय बोलायचं!

शिवाय मराठी शब्द सगळे संस्कृतातलेच घेतलेत. इमानदारी नाही, जबाबदारी नाही, तिच्या जागी 'उत्तरदायित्व', आता घरात कोण म्हणतं की कचरा टाकणं तुझं उत्तरदायित्व आहे? जबाब अरबी, दार फारसी, आणि इंग्रजी रिस्पॉन्सिबिलिटीसुद्धा लॅटिनमधल्या उत्तर देण्यावरूनच आलीय, इतकी आयती जोडी यांनी घालवली.

पुठ्ठा पातळ आहे, कोपरे दुमडतात. तरी पाचपैकी साडेतीन देतो, लहान मुलं असतील तर सोबत बसून वाचा. मेणाच्या कथेवर आम्ही पेनाने काट मारलीय, आणि जबाबदारीचं कार्ड लेकीने वहीच्या पुठ्ठ्याचं करून सेटमध्ये घातलंय, ते बाकीच्यांपेक्षा जाड आहे.