खात्यांवर, क्लायंटवर की माणसांवर? रिपोर्टिंग टूलचं बिल मोजतं काय

मार्केटिंग रिपोर्टिंगचं टूल (जाहिराती, वेबसाइट यांचे आकडे एका ठिकाणी आणून रिपोर्ट बनवणारं) घेताना बहुतेक जण आधी प्लॅनचा दर बघतात. तो दर कशाला लावलाय हे बारीक अक्षरांत असतं, आणि सारख्या दिसणाऱ्या दोन प्लॅनमधला खरा फरक तिथेच दडलेला असतो.

खात्यांवर आधारित बिलात जोडलेलं प्रत्येक खातं मोजलं जातं. एका क्लायंटचं गूगल अ‍ॅड्स, मेटाचं जाहिरात खातं, जीए४ची प्रॉपर्टी (वेबसाइटला भेट देणाऱ्यांचे आकडे) आणि सर्च कन्सोल (गूगल सर्चमधले आकडे) जोडलं की झाली चार. असे १० क्लायंट म्हणजे ४०. टूल क्लायंटमागे पैसे घेत असेल (एजन्सीअ‍ॅनालिटिक्स तसं करतं), तर त्याच कामाचा आकडा १० राहतो, मग प्रत्येकाचे स्रोत चार असोत की नऊ. डॅशदिस हे टूल डॅशबोर्ड, म्हणजे आकडे दाखवणारी पानं, मोजतं. तिथे एका डॅशबोर्डमध्ये भरपूर कोंबता येतं, पण क्लायंटने साहेबांसाठी वेगळा आणि टीमसाठी वेगळा डॅशबोर्ड मागितला की मोजणी दुप्पट. माणसांवर आधारित बिल खाती खूप आणि हाताळणारे दोघे-तिघे असतील तेव्हा फायद्याचं. फक्त रिपोर्ट बघायला येणारा क्लायंटही ‘युझर’ धरला जातो का, एवढं विचारून घ्या.

डेटाच्या ओळींवर (टेबलातल्या नोंदींवर) बिल लावणारी फाइव्हट्रानसारखी टूल्स डेटा कंपनीच्या गोदामात, म्हणजे डेटा वेअरहाउसमध्ये, पोचवण्यासाठी असतात. तिथे खाती कितीही असली तरी महिन्याभरात नव्याने आलेल्या किंवा बदललेल्या ओळींचे पैसे पडतात. जाहिरातींचा डेटा दिवस, कीवर्ड, डिव्हाइस असा फोडून घेतला की ओळी झपाट्याने वाढतात. पदरी डेटा इंजिनिअर नसेल तर या वाटेला न गेलेलं बरं.

खात्यांच्या मोजणीत खाचा बऱ्याच आहेत. गूगल अ‍ॅड्सचं मॅनेजर खातं (अनेक खाती एकत्र सांभाळायचं) एकच लॉगिन दिसतं, पण सहसा त्याखालची खाती सुटी मोजली जातात. जोडताना ‘सगळी निवडा’वर टिचकी मारली, तर जुनी बंद पडलेली खातीही आत येतात आणि कोटा खातात. देशागणिक वेगळं जाहिरात खातं ठेवणाऱ्या ब्रँडला ही पद्धत एजन्सीइतकीच महाग पडू शकते. अनेक शाखा असणाऱ्यांनी तर गूगल बिझनेस प्रोफाइलमधली प्रत्येक शाखा वेगळी मोजतात की सगळ्या मिळून एक, हे लेखी घ्यावं. फेसबुक पेज, इन्स्टाग्राम प्रोफाइल आणि मेटाचं जाहिरात खातं ही तीन वेगळी धरली जातात का, तेही. शिवाय बरेच प्लॅन टप्प्यांचे असतात. मर्यादेच्या वर एक खातं गेलं की पुढच्या अख्ख्या टप्प्याचे पैसे.

माझ्या मते एजन्सीने दरापेक्षा अदलाबदलीचा नियम आधी वाचावा. क्लायंट येतात, जातात, मधेच मोहीम थांबवतात. सुटलेली जागा लगेच दुसऱ्या खात्याला देता येते की बिलाचं चक्र संपेपर्यंत अडकून राहते? वार्षिक करारात संख्या वाढवणं सोपं असतं. कमी करायला मात्र नूतनीकरणाची वाट बघावी लागू शकते.

खातं काढल्यावर जुन्या डेटाचं काय होतं, हेही टूलवर अवलंबून. काही टूल्स दर वेळी प्लॅटफॉर्मकडून ताजा डेटा ओढतात, स्वतःकडे काही ठेवत नाहीत. जोडणी तुटली की रिपोर्ट रिकामा. गूगल अ‍ॅड्सचे आकडे पुन्हा जोडून मागचेही आणता येतात, पण इन्स्टाग्राम स्टोरीचे आकडे एपीआयमधून (टूल ज्या वाटेने प्लॅटफॉर्मचा डेटा घेतं तिथून) साधारण २४ तासच मिळतात. त्या काळात जोडणी नसेल तर ते गेलेच. साठवून ठेवणारी टूल्स इथे उजवी ठरतात, मात्र साठवलेला इतिहास तुमच्याकडे राहतो की करारासोबत पुसला जातो, हे त्यांना विचारावंच लागतं.

क्लायंट मोजके आणि प्रत्येकाचे एक-दोनच स्रोत असतील तर खात्यांवरचं बिल घ्या; ते स्वस्त पडतं आणि आधी अंदाज येतो. क्लायंटमागे चार-पाचच्या वर स्रोत जात असतील तर क्लायंटवर मोजणारं टूल बघा. एकच ब्रँड, सगळे स्रोत गूगलचे, अशी स्थिती असेल तर गूगलचंच फुकटचं रिपोर्टिंग टूल, लुकर स्टुडिओ, पुरेसं आहे. गूगलचे कनेक्टर (स्रोतातून डेटा आणणारे दुवे) त्यात आहेतच. मेटाचं खातं जोडायला निघालात की बाहेरच्या कंपनीचा कनेक्टर लागतो, आणि त्याचं बिल कशावर आहे ते आधी बघा.