शेगडी उत्तम, जाळी भिकार : कालवं भाजणाऱ्याचा अनुभव

कंपनीने बदलून पाठवलेली जाळीही हुबेहूब तशीच निघाली. तेच गोल गज, तीच फट. म्हणून लिहायला बसलो.

झाकणवाली, तीन पायांची, कोळशावरची गोल शेगडी. माप, वजन, किंमत सगळीकडे दिलेली आहे, ते परत उगाळत नाही. चिकन, पनीर, कणसं भाजणाऱ्यांनी भरभरून तारे दिलेत आणि ते खोटे नाहीत. पण मी ही शेगडी घेतली ती शिंपल्यासकट कालवं भाजायला, आणि त्या कामात जाळीच सगळा घोळ घालते.

कालवाची एक बाजू सपाट, दुसरी खोलगट. भाजताना खोलगट बाजू खाली ठेवायची, म्हणजे आतलं खारं पाणी आतच राहतं आणि मांस त्याच पाण्यात शिजतं. कालवात चव म्हणून जे काही असतं ते त्या चमचाभर पाण्यात. आता वेडावाकडा शिंपला गोल गजांवर ठेवा. डुलतो. एक सरळ करायला गेलं की शेजारचा कलंडतो, पाणी थेट निखाऱ्यावर, चर्र होऊन राख उडते ती उघडलेल्या कालवांवर. लहान कालव तर सरळ फटीतून खाली. माझ्या मोजपट्टीने फट जवळजवळ २ सेंटिमीटर भरली. एवढी फट कोणासाठी ठेवली, देव जाणे.

तक्रार केली. आम्ही बेळगावचे, पिनकोड ५९० ने सुरू होतो म्हटल्यावर आमची रवानगी बेंगळुरूच्या सर्व्हिस सेंटरला. बेंगळुरू इथून ५०० किलोमीटर, कोल्हापूर ११० च्या आसपास. कोल्हापूरच्या विक्रेत्याकडे त्याच शेगडीची बिडाची, बारीक फटीची जाळी डोळ्यांसमोर टांगलेली. पण तो म्हणतो, ‘काका, तुमचं बिल कर्नाटकातलं. मला बदलून देता येत नाही. विकत घ्या की.’ विकत म्हणजे शेगडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतके पैसे. सीमाभागाचा दावा सुप्रीम कोर्टात २००४ पासून आहे, त्यात माझी जाळी कुठे घालू? बेंगळुरूवाल्या बाई फोनवर हिंदीत गोड बोलल्या, फोटो मागवले, ‘हा दोष नव्हे, डिझाइन आहे’ असं कळवलं, आणि मी फारच लावून धरल्यावर बदली म्हणून तेच डिझाइन पाठवलं.

मधला उपाय म्हणून ॲल्युमिनियमच्या ताटात खडे मीठ पसरून त्यात कालवं रोवून पाहिली. कालवं हलत नाहीत, हे खरं. पण मीठ तापेपर्यंत अर्धा कोळसा जळून जातो. लोणारी कोळसा काही फुकट मिळत नाही, इस्त्रीवाल्याकडूनसुद्धा नाही.

शेवटी इथल्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत गेलो. बेळगावात राहून लोखंडाच्या वस्तूसाठी बेंगळुरूला विनवण्या कशाला करायच्या? फॅब्रिकेशनवाल्याला स्टीलच्या पत्र्यावर कालव बसेल एवढे लंबगोल खाचे आणि त्यात बारीक भोकं मारून हवी होती. तो म्हणाला, ‘मामा, जीआय पत्रा मारतो की, निम्म्यात होतंय.’ निम्मे म्हटल्यावर माझा जीव हलला, पण नको म्हटलं. जीआयवर जस्ताचा मुलामा असतो, जस्त ४१९ अंशांना वितळतं, आणि फुललेला कोळसा त्याच्या खूप वर तापतो. तो धूर खायच्या वस्तूला नको. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचाच पत्रा घेतला, तोही त्याच्याकडे पडलेला तुकडा, वजनावर. बिडाच्या जाळीपेक्षा बराच स्वस्त पडला.

या पत्र्यानंतर शेगडीबद्दलचं मत बदललं, ते मुख्यतः झाकणामुळे. आधी वाटायचं, झाकण म्हणजे किंमत वाढवायचा बहाणा. त्यावरचा तापमानाचा काटा तर शोभेचाच आहे, तो वरच्या हवेचं तापमान दाखवतो, पत्र्यावरचं नाही. पण झाकण लावलं की कालवाला खालून-वरून सारखी धग बसते. शिंपला बंद धरणारा स्नायू सैल पडतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि सपाट झाकणी किंचित उचलली जाते. शिंपल्याचे पापुद्रे तडतडून उडतात तेही आतच राहतात. पूर्वी मी चष्मा लावून उभा राहायचो. हवेची खालची झडप पूर्ण उघडी, झाकणावरची अर्धी, ही मांडणी मला जमली आहे.

उघडल्याबरोबर मात्र उतरवू नका. कडा आक्रसून मांस घट्ट होईपर्यंत आणखी काही मिनिटं ठेवा. घरच्या लोण्यात ठेचलेली लसूण आणि संकेश्वरी मिरचीचं तिखट कालवून ते याच वेळी आत सोडायचं. लिंबाने किंवा तिखटाने कालवातले जंतू मरतात हा समज खोटा आहे, ते मरतात फक्त शिजण्याने. आमचा मेहुणा अर्धकच्चं खायची फॅशन घेऊन आला होता, त्याला पापड दिला. भाजून न उघडलेलं कालव टाकून द्यायचं, कितीही महाग असलं तरी. मलाही जिवावर येतं.

माल मिळवणं ही वेगळी डोकेदुखी. कॅम्पातल्या मासळी बाजारात कालवं आली तरी बहुधा फोडून, पिशवीत पाण्यात. शिंपल्यासकट हवी तर आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर वेंगुर्ला किंवा कारवारकडून कोणी येत असेल त्याच्या हातापाया पडायचं. घेताना तोंड घट्ट मिटलेली बघा. उघडं असेल तर टिचकी मारा, मिटलं तर जिवंत. घाटातून आणताना वर ओलं फडकं टाका. गोड्या पाण्यात बुडवून किंवा हवाबंद पिशवीत आणलीत तर घरी येईतो मेलेली असतील. पावसात खाडीला गढूळ पाणी येतं तेव्हा मी हा नाद सोडतो.

त्याच पावसात शेगडी परड्यात, ताडपत्रीखाली होती. बाहेरच्या मुलाम्याला काही झालं नाही, पण कंपनीच्या जाळीचा क्रोम सांध्यांशी सोलवटला. खारं पाणी ३०४ स्टीललाही डाग पाडतं, म्हणून पत्रा वापरल्याबरोबर गोड्या पाण्याने धुऊन तेलाचा हात फिरवतो.

कबाब, कणसं, पापलेट करणार असाल तर डोळे मिटून घ्या. कालवांसाठी घेणार असाल तर सेल लागल्यावर घ्या, आणि वाचलेले पैसे पत्र्यासाठी बाजूला काढून ठेवा. कंपनीने एखाद्या वेळी सपाट जाळीचं मॉडेल काढलंच, तर निपाणी-बेळगाववाल्यांनी बिल कुठल्या राज्यात करायचं ते आधी विचारून घ्यावं.