यूपीएस घ्यावा की स्पाइक गार्ड?
स्पाइक गार्ड विजेचा अचानक वाढलेला दाब अडवतो, एवढंच. वीज गेली की पीसी जागीच बंद. स्पाइक गार्डमधला एमओव्ही (जादा दाब शोषून घेणारा भाग) प्रत्येक झटक्यागणिक झिजतो. ‘प्रोटेक्शन’चा दिवा विझला की स्पाइक गार्ड बदलाच. अर्थिंग नसेल तर संरक्षण अर्धवटच.

वीज वारंवार जात असेल तर यूपीएसला पर्याय नाही. त्याच्या बॅटरीवर फाइल सेव्ह करून शटडाउन करण्यापुरती मिनिटं मिळतात. ६०० व्हीए क्षमतेचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो, त्यामुळे ग्राफिक्स कार्ड असल्यास आधी वॅटची बेरीज करा. लेझर प्रिंटर त्यावर लावूच नका; तापताना तो इतका करंट ओढतो की यूपीएस शिट्टी मारून बंद पडतो. प्रिंटरला स्पाइक गार्ड पुरे. यूपीएस असूनही वीज जाताच पीसी रीस्टार्ट होतो? लोड जास्त नसेल तर बहुधा बॅटरी बसलीय.